दर वेळी वेगळा आकडा येतो: घरच्या संगणकासाठी बेंचमार्क कोणता घ्यावा

तक्रार ठरलेली असते. बेंचमार्क, म्हणजे संगणकाचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर, टाकलं, चालवलं, आकडा आला. दुसऱ्या दिवशी तेच चालवलं तर पाचशेने कमी. तिसऱ्या दिवशी थोडा वर. यूट्यूबवर त्याच प्रोसेसरला भलताच आकडा. मग माणूस दुसरं सॉफ्टवेअर टाकतो, ते तिसरंच काहीतरी सांगतं, आणि शेवटी विचारणा होते, "यातलं खरं कोणतं?"

वर्षातून आठ-दहा वेळा तरी मला हे विचारलं जातं, उन्हाळ्यात जास्तच. आमच्या अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश म्हणजे रोजचंच. अशा खोलीत बसून लॅपटॉपचा वेग मोजायचा तर आधी खोलीचाच विचार करावा लागतो. त्याकडे पुढे येतो.

गेल्या मे महिन्यात भाच्याने एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला. इंटेल कोअर आय५ ११३५जी७ प्रोसेसर, त्यात चार कोअर म्हणजे काम करणारे चार भाग, ८ जीबी रॅम. चौथ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप काखेत मारून स्वारी घरी हजर. "मामा, फसवलं ना आपल्याले. रोज वेगळा आकडा येऊन राहिला."

मोबाइलमध्ये त्याने चार स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसर मोजणाऱ्या बेंचमार्कमध्ये, सगळे कोअर मिळून: ५,५१२, मग ३,६४०, मग ४,९८६, मग ४,२०५. यूट्यूबवर कुणाला तरी सहा हजारांच्या आसपास मिळालेले, म्हणून हा अस्वस्थ. दुकानदाराशी भांडायची तयारी करूनच आला होता.

मी त्याला एकच विचारलं. प्रत्येक आकडा काढला तेव्हा लॅपटॉप कुठे होता, चार्जर लावला होता का, आणि वेळ काय होती? उत्तरं ऐकता ऐकता निम्मी भानगड सुटली.

पहिला आकडा दुकानातून आणल्या दिवशी सकाळी, टेबलावर, लॅपटॉप नुकताच सुरू केल्यावर. त्यातही याने कुठेतरी वाचून सिनेबेंचची दहा मिनिटांची अट काढून टाकली होती. ही अट आर२३ मध्ये आधीपासून लावलेलीच येते. एकच चित्र पुन्हा पुन्हा रेंडर करत, म्हणजे हिशोब करून रंगवत, चाचणी किमान दहा मिनिटं चालते, ती प्रोसेसर गरम झाल्यावर किती टिकतो हे दिसावं म्हणून. लॅपटॉपचा प्रोसेसर पहिला अर्धा मिनिट वगैरे मंजूर मर्यादेपेक्षा जास्त वीज खेचून जोरात पळतो आणि मग चालीवर येतो. अट काढली की थंड मशीनची ती सुरुवातीची धावही आकड्यात भरपूर मोजली जाते.

३,६४० वाला आकडा दुपारी लाइट गेली तेव्हाचा. म्हणजे बॅटरीवर. बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप प्रोसेसरला कमी वीज देतात. त्यात बिघाड काही नाही.

४,९८६ सकाळी, चार्जर लावून, टेबलावर, दहा मिनिटांची अट ठेवून. हाच काय तो कामाचा आकडा.

आणि ४,२०५ दुपारी दोन वाजता, गादीवर. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात आणि गादी ती वाट बंद करते. वर त्याच वेळी विंडोजचं अपडेट मागे चालू होतं. ते त्याला ठाऊकही नव्हतं. टास्क मॅनेजरचा इतिहास कुणी ठेवत नाही, पण अपडेटच्या यादीत तारीख दिसते, तिथे ते सापडलं.

चार आकडे, चार वेगळ्या परिस्थिती. दोष सॉफ्टवेअरचाही नव्हता आणि दुकानदाराचाही नव्हता, निदान तोपर्यंत तरी.

आधी आकडा स्थिर करा

सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे करून बघा. संगणक रीस्टार्ट करा आणि दहा मिनिटं हात लावू नका. सुरू झाल्या झाल्या विंडोज मागे बरीच धुणीभांडी करत असतं: अपडेट, व्हायरस स्कॅन, फाइलींची यादी, क्लाउडवर फोटो चढवणं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर चार-पाच टक्क्यांच्या खाली येऊन तिथेच टिकला की मग पुढे जा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि पॉवर मोड दर वेळी एकच ठेवा. पंख्याचा वेग ठरवणारं कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, त्यात 'सायलेंट' निवडलेलं नाही ना, तेही पाहा. हे हमखास राहतं. मग तीन वेळा चालवा आणि मधला आकडा धरा. तिन्हींमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक राहिला तर तो फरक समजूच नका.

सोबत एचडब्ल्यूइन्फो हे आतलं तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवा. फुकट आहे. सुरू करताना 'फक्त सेन्सर' हा पर्याय निवडा, नाहीतर पहिल्याच खिडकीत माणूस हरवतो. सेन्सरच्या लांबलचक यादीत दोनच गोष्टी शोधायच्या: प्रोसेसरचं कमाल तापमान, आणि थर्मल थ्रॉटलिंगसमोर 'नो' आहे की लाल रंगात 'येस'. जवळच पॉवर लिमिट ओलांडल्याची ओळ असते. थर्मल 'येस' म्हणजे मशीन उष्णतेमुळे अडतंय. पॉवर लिमिट 'येस' म्हणजे कंपनीने आखलेल्या विजेच्या मर्यादेवर अडतंय, आणि लॅपटॉपमध्ये हे रोजचंच आहे, घाबरायचं कारण नाही. नुसत्या आकड्यावरून हे दोन प्रकार वेगळे काढता येत नाहीत, म्हणून माझ्या लेखी एचडब्ल्यूइन्फोविना काढलेला बेंचमार्क अर्धाच.

यूट्यूबवरच्या सहा हजारांचं कोडंही इथेच सुटतं. ११३५जी७ हा प्रोसेसर १२ वॅटपासून २८ वॅटपर्यंत कसाही बसवायची मुभा इंटेलने लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिली आहे. जाडजूड लॅपटॉपमध्ये तो २८ वॅटवर पळतो, पातळ लॅपटॉपमध्ये १५ वॅटवर. नाव तेच, खुराक वेगळा. त्यामुळे प्रोसेसरच्या नावावरून तुलना करू नका, लॅपटॉपच्या मॉडेलवरून करा.

आता खोली. भाच्याला भिंतीवरचा थर्मामीटर बघून वहीत लिहायला सांगितलं. सकाळी सहाला खोलीत २९ अंश, दुपारी तीनला ३८, तेही कूलर चालू असताना. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश. सकाळी त्याच्या नि खोलीच्या तापमानात ७१ अंशांचं अंतर राहतं, दुपारी ६२ चं. उष्णता बाहेर फेकण्याची ताकद मोटामोटी या अंतरावर अवलंबून असते. म्हणजे पंखा तेवढाच फिरूनही दुपारी तो तेरा टक्के कमी उष्णता बाहेर काढणार. वेग त्याच प्रमाणात पडत नाही, कमी पडतो. आमच्याकडे सकाळी ४,९६० च्या आसपास आणि दुपारी ४,६५० च्या आसपास असं स्थिरावलं, सुमारे सहा टक्के. हा निव्वळ उन्हाळा. सकाळ-दुपारमध्ये वीस टक्के फरक पडत असेल तर मात्र उन्हाळ्याच्या नावावर सोडून देऊ नका, आत धूळ आहे.

आमच्या लॅपटॉपमध्ये फरक सहाच टक्के, तरी धूळ होतीच. मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या तोंडाशी नमद्यासारखा जाड थर. आमच्या भागात धुळीबरोबर कापसाची तूस असते, ती जाळीत विणल्यासारखी बसते. नुसत्या ब्लोअरने निघत नाही, उलट आणखी आत जाते. पंख्याचे चार स्क्रू काढून तो थर चिमट्याने सोलून काढावा लागला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, सुसाट फिरू देऊ नका. झाकण लावून त्याच दुपारी पुन्हा मोजलं: ५,१८०. कमाल तापमान १०० वरून ९१ वर आलं आणि लाल 'येस' गेला.

भाचा खूश. मी विचारलं, "बरं, पण मुळात तुझी तक्रार काय होती?"

"फुटबॉलचा गेम अटकते, मामा."

मुळात चुकीचं सॉफ्टवेअर

इथे मला हसू आवरेना. चार दिवस आम्ही प्रोसेसर मोजत बसलो होतो आणि दुखणं होतं ग्राफिक्सचं. सिनेबेंच आर२३ ग्राफिक्सला हातही लावत नाही. सगळा हिशोब प्रोसेसरवर होतो, त्यामुळे तिथे दहा हजार आले असते तरी गेम अडकायचा तो अडकलाच असता.

निवडीची खरी चूक ही आहे. लोक आधी सॉफ्टवेअर निवडतात, सगळ्यात प्रसिद्ध असेल ते, आणि मग आकड्याला तक्रार जोडतात. आधी दुखणं एका वाक्यात लिहा. काय करताना, किती वेळाने, काय होतं. सॉफ्टवेअर त्या वाक्यातून निघतं.

गेम अडकतो, असं वाक्य असेल तर ग्राफिक्स मोजणारं थ्रीडीमार्क. त्यातही चाचणी बघून घ्या. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी नाइट रेड नावाची चाचणी आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपसाठी टाइम स्पाय. टाइम स्पाय साध्या लॅपटॉपवर चालवली की पडद्यावर स्लाइड शो दिसतो आणि आकड्यातून काहीच कळत नाही. डाउनलोड काही जीबींचं आहे, मोबाइलच्या डेटावर काढू नका.

भाच्याच्या लॅपटॉपवर नाइट रेडमध्ये साडेनऊ हजार आले. या प्रोसेसरला हे कमीच. टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सचं नाव पाहिलं तर 'इंटेल यूएचडी ग्राफिक्स'. खरं तर ११३५जी७ मध्ये आयरिस एक्सई असतं. मेमरीच्या पानावर खाली लिहिलं होतं: दोनपैकी एक स्लॉट वापरात. तिथेच उलगडा झाला. आयरिस एक्सईला दोन वाटांनी रॅम लागते. एकच स्टिक असेल तर तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये यूएचडी या नावाने दिसतं आणि त्याच्यासारखंच चालतं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे स्वतःची मेमरी नसते, सगळं रॅममधूनच ओढायचं. एक वाट बंद म्हणजे अर्धा रस्ता बंद.

दुसरी ८ जीबीची स्टिक टाकली. सुरू केल्यावर नाव आपोआप बदलून आयरिस एक्सई झालं. नाइट रेडमध्ये चौदा हजारांच्या पुढे. गेम सुरळीत. आणि सिनेबेंच? ५,१८० चे ५,२१०. ज्या आकड्यासाठी चार दिवस घालवले तो जागचा हललाच नाही.

ज्यांना काही डाउनलोड करायचं नाही त्यांनी निदान हे मेमरीचं पान बघावंच. डेस्कटॉप असेल तर तिथेच रॅमचा वेगही दिसतो. ३२०० ची रॅम विकत घेऊन तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी ही रॅमला पूर्ण वेग देणारी सोय सुरू करायची राहून गेली आहे. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाच आकडा निम्मा दिसतो, म्हणजे ३२०० च्या जागी १६००. तिथे घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे.

'सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात'

हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि इथे प्रोसेसरचा कुठलाही बेंचमार्क कामाचा नाही. आमच्या गल्लीत एक काका घरून हिशोब लिहायचं काम करतात. त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर कुणीतरी गीकबेंच हा प्रोसेसरचा बेंचमार्क चालवून "मशीन चांगली आहे" असं प्रमाणपत्र देऊन गेलं होतं. मशीन होतीही बरी. पण विंडोज हार्ड डिस्कवर होतं.

इथे डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क. त्याच्याही आधी त्याचाच भाऊ, डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो, कारण डिस्क मरायला टेकली असेल तर तिच्यावर वेगाची चाचणी लादायची नसते. इन्फोमध्ये निळा 'गुड' दिसला तर पुढे जा. पिवळा 'कॉशन' असेल तर चाचणी राहू द्या, आधी बॅकअप घ्या. दोन्हींच्या काही आवृत्त्यांमध्ये पडद्यावर जपानी कार्टून मुलीचं चित्र येतं. काकांनी ते व्हायरस समजून फोन केला होता. बनवणारा जपानी आहे, हौसेने टाकलंय. साधी आवृत्तीही मिळते.

डिस्कमार्कमध्ये चार ओळी येतात. सगळे वरची ओळ बघतात कारण तिथला आकडा मोठा असतो आणि जाहिरातीतही तोच छापतात. तुम्ही सगळ्यात खालची बघा. वरची ओळ एकच मोठी फाइल सलग वाचण्याची आहे. खालची ओळ चार-चार केबीचे तुकडे एकेक करून इकडून तिकडून गोळा करण्याची, आणि विंडोज सुरू होताना, सॉफ्टवेअर उघडताना डिस्कला बहुतांश हेच करावं लागतं. काकांच्या हार्ड डिस्कवर वरच्या ओळीत १२८ एमबी प्रति सेकंद, खालच्या ओळीत ०.५. साधी साटा एसएसडी लावल्यावर वर ५३० आणि खाली ३१. वरचा आकडा चौपट झाला, खालचा साठपट. काकांना अर्थातच यातलं काही ऐकायचं नव्हतं. चहा होण्याआधी कंप्युटर सुरू होतो एवढं त्यांना पुरलं.

एक खोच. ही चाचणी मुळात १ जीबीच्या फाइलवर चालते. स्वस्त एसएसडीमध्ये पुढच्या बाजूला थोडी वेगवान जागा राखलेली असते आणि १ जीबी तिच्यातच मावतो. मग आकडा झकास, पण लग्नाच्या शूटिंगचे ६० जीबी कॉपी करायला घेतले की दहा-पंधरा जीबीनंतर वेग दाणकन खाली. तक्रार कॉपीची असेल तर चाचणी सोडा, खरंच मोठं फोल्डर कॉपी करा आणि विंडोजचा आलेख कुठे कोसळतो ते बघा. आणि डिस्कमार्क रोज चालवायची वस्तू नाही. दर वेळी तो कित्येक जीबी लिहितो.

बाकीची, थोडक्यात

गीकबेंच ६ वाईट नाही. काही मिनिटांत होतं, फोन आणि संगणक दोन्हींवर चालतं. पण ते मधे मधे श्वास घेत चालतं, त्यामुळे तापल्यावर मशीन ढेपाळतं का हे त्यातून कळत नाही. शिवाय ५ आणि ६ चे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ५ मध्ये १,००० गुण म्हणजे आय३-८१०० या प्रोसेसरचा वेग, तर ६ मध्ये २,५०० गुण म्हणजे आय७-१२७०० चा. फुकट आवृत्ती निकाल त्यांच्या साइटवर चढवते, ते चालणार नसेल तर वापरू नका. सिनेबेंचचंही तेच: आर२३ मध्ये पाच हजार मिळवणाऱ्या मशीनला सिनेबेंच २०२४ मध्ये तीनशेच्या आसपास मिळतात. भाच्याच्या एका मित्राने यावरून प्रोसेसर जळाल्याचं निदान केलं होतं.

फक्त ब्राउझर अडकत असेल तर स्पीडोमीटर ३ हे वेबपान उघडून चालवा. एकदा नेहमीसारखं, एकदा सगळी एक्स्टेंशन बंद करून. दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर दोषी एखादं एक्स्टेंशन आहे.

इंटरनेट नसेल, काही टाकायची परवानगी नसेल, तर फाइली दाबून लहान करणारं ७-झिप बहुतेकांकडे असतंच. त्याच्या टूल्समध्ये बेंचमार्क आहे. दिसायला रुक्ष, पण धूळ काढण्याआधी आणि नंतर मोजायला अगदी पुरेसं.

सगळ्याचं मिळून एकच टक्केवारी देणाऱ्या साइटवर मी विसंबत नाही. यूझरबेंचमार्कने २०१९ मध्ये प्रोसेसरच्या एकूण गुणांतलं अनेक-कोअरचं वजन दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणलं आणि एका रात्रीत क्रमवारी खालीवर झाली. प्रोसेसर कालचेच होते. एकूण गुण म्हणजे कुणाच्या तरी हातची मिसळ, तर्री किती घालायची ते त्याच्या मनावर.

फरमार्क आणि प्राइम९५ बेंचमार्क म्हणून चालवू नका. ती मशीनला झोडपायची हत्यारं आहेत. मे महिन्यात धुळीने भरलेल्या लॅपटॉपवर तर नकोच. आणि डाउनलोडच्या पानावर तीन हिरवी बटणं दिसली तर तिन्ही सोडून द्या, बनवणाऱ्याच्या मूळ साइटवर जा.

एवढं करूनही जमलं नाही तर

धूळ काढली, परिस्थिती एकच ठेवली, तरी तीन वेळच्या आकड्यांत दहा टक्क्यांवर फरक पडतोय आणि थर्मल 'येस' जात नाही, तर हीट सिंकखालची, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूखालची, पेस्ट वाळली असण्याची शक्यता जास्त. तीन-चार वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये हे सर्रास होतं. ते काम आधी कधी केलं नसेल तर माहितगाराकडून करून घ्या. थर्मल 'नो' आहे, पॉवर लिमिटही 'नो', आणि तरी आकडा अर्धा येतोय, तर चार्जर तपासा. कमी वॅटचा चार्जर लावला की काही लॅपटॉप मुकाट्याने वेग कमी करतात आणि पडद्यावर कुठे सांगत नाहीत.

कुणाला विचारायचं असेल तर नुसता आकडा पाठवू नका. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, रॅमच्या स्टिक किती, विंडोज कोणत्या डिस्कवर, चार्जर लावलेला की नाही, तिन्ही वेळचे आकडे, एचडब्ल्यूइन्फोमधलं कमाल तापमान, आणि खोलीत किती अंश होते ते लिहा. आणि सगळ्यात वर ते एक वाक्य: काय करताना काय होतं.